काहिलगडच्या राजाची शीळ

चूक राजाची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी कुणी "बिच्चारा राजा" म्हणून मुसमुसायचं नाही. चूक नशिबाची नव्हती, ग्रहांची नव्हती, लहान मुलांची तर मुळीच नव्हती. मोठी माणसं स्वतः चुकली की नशिबाचं नाव घेतात आणि मुलं चुकली की कान धरतात. या गोष्टीत तसं चालणार नाही, बरं का.

तर एक होता राजा. नाव उदाजी. राज्याचं नाव काहिलगड. काहिल म्हणजे उसाचा रस आटवायची कढई, एवढी मोठी की तिच्यात चार माणसं पाय पसरून झोपतील. या राज्यात जिकडे बघावं तिकडे ऊस. दिवाळी सरली की गुऱ्हाळं पेटायची आणि होळीपर्यंत साऱ्या राज्याला गुळाचा वास यायचा. लोक चहाऐवजी काकवी प्यायचे, पाहुण्याला पाण्याआधी गूळ द्यायचे, आणि भांडण झालं तरी एकमेकांना गुळाची ढेपच फेकून मारायचे.

राजाकडे हत्ती होते, घोडे होते. पण त्याची खरी दौलत होती त्याची शीळ. जीभ समोरच्या दातांमागे टेकवायचा, ओठ ताणायचा, आणि मग दोन लांब सूर, मधे एक वळण, आणि शेवटी सूर असा वर चढायचा, जशी दोरी तुटलेली वावडी. तीन डोंगर पलीकडे ऐकू जायची. चरणाऱ्या गाई माना वळवायच्या.

राणी लवकर गेली. राजाला एकच लेक, सगुणा. हुजऱ्यांनी हाका मारल्या तर ही ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण आबांची शीळ आली की असेल तिथून निघायची. ओढ्यातून निघायची, चिंचेवरून उतरायची, ओल्या पायांनी थेट स्वयंपाकघरात, आणि दुधाच्या पातेल्याला लागलेली खरवड चमच्याने खरडून खायची. वर आबांनाच विचारायची, "शीळ कशाला घातलीत?"

"तू येतेस का बघायला."

एकदा काय झालं, करकोच्यांचा थवा गडावरून चालला होता. लांब मान, लांब पाय, डोळ्यांमागे पांढरी शेंडी. दर थंडीत यायचे आणि न थांबता पुढे जायचे. त्या दिवशी राजाने शीळ घातली, आणि एक करकोचा थव्यातून फुटला. गोल गोल फिरत अंगणात उतरला. त्याने पंख झटकले. पंख कसले, पिसांची शालच होती ती! आत होता एक तरुण, भुरकट डोळ्यांचा. समोर सगुणा उभी होती. मग काय व्हायचं ते झालंच. लग्न लागलं, गूळ वाटला, वर्षभरात मुलगी झाली. तिचं नाव राही.

पण पाखराला छप्पर मानवत नाही. थवा वरून गेला की तो जेवायचा नाही. पहिल्या वर्षी दोन दिवस जेवला नाही, दुसऱ्या वर्षी आठ दिवस, तिसऱ्या वर्षी महिनाभर. चौथ्या थंडीत तो एवढा वाळला की अंगठी बोटातून गळून पडली. मग सगुणा म्हणाली, मी याच्याबरोबर जाते. शाली दोनच होत्या. एक त्याची, एक त्याने बायकोसाठी आणलेली. तीन वर्षांच्या मुलीच्या मापाची शाल नव्हती.

आई मुलीला ठेवून गेली का? गेली. तुम्हाला राग येत असेल तर येऊ द्या, राहीलाही यायचा. पण जाण्याआधी तिने काय केलं ते ऐका.

बायका काही विसरू नये म्हणून पदराला गाठ मारतात ना? तशी तिने शालीच्या टोकाला गाठ मारली.

"आबा, ही शाल अंगावर आली की सगळं विसरायला होतं. एवढी गाठ राहते. हिला तीनच वेढे बसतात."

तिने पहिला वेढा घातला, म्हणाली, "राही." त्यावर दुसरा घातला, म्हणाली, "घर." त्यावर तिसरा घातला, आणि राजाच्या दंडाला धरून म्हणाली, "आबा."

मग तिने नियम सांगितला. दिवाळीनंतर पहिला थवा येईल त्या दिवशी घरच्या माणसाने ही शीळ घालायची. शीळ ऐकली की ती उतरणार, सूर्य बुडेपर्यंत राहणार. ज्या वर्षी शीळ ऐकू येणार नाही त्या वर्षी एक वेढा सुटेल. तिन्ही सुटले की मग ती नुसतं पाखरू.

"सुटेल कसा?" राजा म्हणाला. "माझी शीळ कधी चुकलीय का? तू जा निर्धास्त."

हे वाक्य लक्षात ठेवा, बरं का. मोठ्यांनी "निर्धास्त" म्हटलं की जरा जपून राहायचं.

मग सगुणा गेली.

संध्याकाळ झाली की राही रडायची. आईची चोळी तोंडावर घेऊन तिचा वास शोधत बसायची. रोज धुणं व्हायचं, वास रोज थोडा थोडा कमी व्हायचा. राजा तिच्याशेजारी येऊन बसायचा, पण राजाला बोलता येत नव्हतं. तुझी आई मलाही आठवते, एवढं चार शब्दांचं वाक्य त्याला जमलं नाही. मग त्याने काय केलं? गुळाचा खडा काढला आणि नातीच्या गालात ठेवला. मोठ्यांना बोलायला जमलं नाही की ते असंच काहीतरी गोड पुढे करतात. राही चोखता चोखता झोपली. मग राजाने एक खडा आपल्याही गालात ठेवला. रोज रात्री दोघं तसेच झोपायचे, गालात गूळ, उशीखाली गूळ. चूळ नाही, घासणं नाही, काही नाही.

आणि सकाळी? सकाळी राजा मशेरी लावायचा. मशेरी म्हणजे तव्यावर तंबाखू काळीकुट्ट भाजतात, तिची पूड. ती बोटावर घेऊन दातांवर चोळत अर्धा तास ओसरीवर बसायचं आणि सगळ्या जगाला सांगायचं, आम्ही दात घासतोय! राजा लावायचा म्हणून प्रधान लावायचा. प्रधान लावायचा म्हणून सगळे लावायचे.

पहिलं वर्ष सरलं. दिवाळी झाली. थवा आला. राजा बुरुजावर चढला, शीळ घातली, आणि आभाळातून एक करकोची तीरासारखी खाली आली. एकटीच, कारण तिच्या नवऱ्याच्या शालीला गाठ नव्हती. शाल गळली, सगुणा उभी राहिली. "आबा!" म्हणून गळ्यात पडली, राहीला उचललं, तशीच स्वयंपाकघरात पळाली आणि खरवडीचं पातेलं घेऊन बसली. तिघं दिवसभर हसत होती. सूर्य बुडायला आला तेव्हा राही तिची शाल धरून बसली. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

त्याच थंडीत गोजाई आली. गोजाई म्हणजे एक धनगरीण. दरसाल मेंढरं घेऊन गडाखालून जायची. वय ऐंशी, आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. अक्रोड दाताने फोडायची. राजाने सहज तक्रार केली, की हल्ली उजवा दात ठणकतो, पण मशेरी लावली की थांबतो.

"आरं राजा, आ कर बगू," गोजाई म्हणाली. राजाने आ केला. तिने आत डोकावून नाकाला पदर लावला. "ह्यो दात किडलाय. शेजारचाबी किडलाय. दुखणं म्हंजे घरातलं कुत्रं रं. चोर शिरला म्हून भुंकतंय. तू चोर धरला न्हाईस, कुत्र्यालाच गप केलंस."

"आमच्या आईसाहेबांनी उभा जन्म मशेरी लावली," राजा म्हणाला.

"आन् म्हातारपणी भाकरी कशी खाल्ली त्येनी?"

राजा हळूच म्हणाला, "दुधात कुस्करून."

"मग!"

गोजाईने राहीच्या तोंडात पाहिलं. समोरच्या दातांवर तपकिरी डाग पडले होते. "हिच्या दातांकडं तरी बग."

"दुधाचे तर दात," राजा म्हणाला. "पडणारच आहेत. घासायचे कशाला?"

"दुधाचा दात जागा धरून बसलेला असतुया, राजा. जत्रंत आपुन जागा धरतो न्हवं मागनं येणाऱ्यासाठी? धरणारा आदीच उठून गेला की मागच्यानं बसायचं कुठं? मग त्यो वाकडातिकडा घुसतो."

राजाला हे पटलं का? अजिबात नाही. मेंढरं हाकणारी बाई राजाला शिकवणार! त्याने तिला शेरभर गूळ दिला आणि वाटेला लावलं. राजवाड्यात गुरुजी होते, ते म्हणाले, "महाराज, नातीला स्वच्छतेचा पाठ मी देतो." मग गुरुजींनी राहीकडून "दात स्वच्छ ठेवावेत" हे वाक्य पाटीवर शंभर वेळा लिहून घेतलं. शंभर वेळा लिहून होईपर्यंत गुरुजी तीन वेळा तंबाखू थुंकायला खिडकीशी गेले. राहीला अक्षर छान आलं. दात होते तसेच राहिले.

दुसरं वर्ष. गणपतीत राजाचा एक समोरचा दात पडला. नवरात्रात दुसरा पडला. राजा म्हणाला, वयच झालं. वय पंचावन्न!

दिवाळी झाली. थवा आला. राजा बुरुजावर उभा राहिला, जीभ दातांमागे टेकवायला गेला, तर दात कुठे होते? जीभ बाहेरच आली. फुस्स. पुन्हा जोर लावला. फुस्स. चुलीत फुंकणीने फुंकावं तसा नुसता वारा. वर एक करकोची थव्यातून बाजूला झाली. तिने गडावर एक फेरी घेतली, दुसरी घेतली. मान वाकवून वाकवून ती काहीतरी ऐकत होती.

"आबा, ती खाली बघतीय!" राही ओरडली. "घाला ना! घाला ना शीळ!"

"सगुणा!" राजा ओरडला. "सगुणाऽ!" पण खाली शंभर गुऱ्हाळांवर शंभर माणसं ओरडतच होती. माणसाची हाक म्हणजे वरून नुसता गलका. करकोचीने तिसरी फेरी घेतली आणि ती थव्यामागे निघून गेली.

राजा पायऱ्या उतरत म्हणाला, "असू दे. अजून दोन वेढे आहेत की." त्या रात्री त्याने गालात दोन खडे ठेवले. एक नेहमीचा, एक दुःखाचा.

तिसरं वर्ष. आता राजाने कंबर कसली. दात घासायला नाही हो, एवढी अक्कल कुठली! त्याने सोनाराकडून सोन्याचे दात करवले. तुतारीवाल्याला तीच चाल शिकवली. आणि शीळ घरच्या माणसाची हवी म्हणून गावोगावचे चाळीस चुलते बोलावले. चाळीस चुलते, झुबकेदार मिशा, जरीचे पटके, आणि चाळीसांच्या तोंडात मिळून अठ्ठावीस दात.

थवा आला. राजाने फुंकर मारली, सोन्याचे दात तोंडातून सुटले आणि टणाटण उड्या मारत गड उतरून गेले. तुतारी वाजली, तर थवा बिचकून आणखी उंच गेला. मग चाळीस चुलत्यांनी एकदम श्वास घेतला. फुस्स. एवढा वारा सुटला की प्रधानाचा पटका उडाला, पण शीळ काही आली नाही.

मग राही पुढे झाली. सहा वर्षांची होती आता. आबांच्या मांडीवर बसून शीळ तिने हजारदा ऐकलेली होती, चाल तोंडपाठ होती. तिने ओठ ताणले, जीभ टेकवली. पण समोरचे चारही दात झडलेले, नवे वर यायचे होते, आणि बाजूला काळे खुंट. फुस्स.

या वेळी करकोचीने फेरी घेतली नाही. पंख जरा हळू झाले, एवढंच. जसं एखाद्याला काहीतरी आठवल्यासारखं होतं आणि मग, छे, भास असेल, असं वाटतं. तसं. मग ती गेली.

चुलते जेवून गेले. राही बुरुजावरच बसून राहिली. तिच्या मुठीत तिचा नुकताच पडलेला दात होता. आपण पडलेला दात छपरावर टाकतो ना, उंदराने त्याचा दात द्यावा म्हणून? तसा तिने टाकला. ठक्कन दात परत आला. तिने पुन्हा टाकला. पुन्हा परत. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा कौलांतून उंदराने डोकं काढलं.

"ए मुली, हा काळा दात मला नको. ह्याच्या बदल्यात माझा पांढरा द्यायचा, म्हणजे फसवणूकच झाली की!"

राही तिथेच रडायला लागली. उंदीर घाबरला. म्हणाला, "रडू नको. एक चांगला, घासलेला दात आण. मग बघू."

तेवढ्यात खालून मेंढरांचा आवाज आला. राही धावत गड उतरली, गोजाईचा पदर धरला. "गोजाई, मला शीळ घालायची आहे. एकच वेढा उरलाय."

गोजाईने तिला मांडीवर घेतलं. बाभळीची कोवळी काडी तोडली, टोक चावून त्याचा मऊ कुंचा केला. "हे बग. आडवं खसाखसा घासायचं न्हाई, भांडं हाय का ते? मेंढरू कसं विंचरतो, तसं हळू. वरचं खाली, खालचं वर. पुढचं झालं की आतनं. आतनं झालं की पार मागच्या दाढा, कीड तितंच लपतीया. मग जिबंवरनं. मग चूळ. सकाळी येकदा, आन् रातच्याला निजायच्या आदी येकदा. त्येच्या मागनं तोंडात फकस्त पाणी."

"आणि गूळ?"

"खा की. गुळानं काय पाप केलंय? दिवसाचं खायचं, खाल्ल्यावर चूळ भरायची. गालात घिऊन झोपायचं न्हाई. तू झोपतीस, कीड झोपत न्हाई."

एवढंच होतं, बरं का. एवढ्या साध्या गोष्टीसाठी राजाने सोनार, तुतारीवाला आणि चाळीस चुलते गोळा केले होते. तुमच्याकडे तर ब्रश आहे, नळाला पाणी आहे. तरी आळस!

राही घरी आली आणि तिने उशीखालचा गूळ काढून ओसरीवर ठेवला. राजाने विचारलं, "हे काय?" राहीने त्याच्याकडे सरळ पाहिलं. लहान मुलं अशी बघायला लागली की मोठ्यांना दुसरीकडे बघावं लागतं.

"आबा, तुम्ही निर्धास्त म्हणाला होतात."

राजाने ओसरीवरचा गूळ बाजूला सारला. मग म्हणाला, "माझं चुकलं." हे दोन शब्द तो जन्मात पहिल्यांदा बोलला, तेही बोळक्या तोंडाने, त्यामुळे नीट ऐकूही आले नाहीत. पण म्हणाला, हे खरं. त्याने मशेरीची डबी ओढ्यात फेकली. फेकली ते चांगलं केलं. फार उशिरा केलं.

मग राही घासायला लागली. पहिल्या आठवड्यात तिला कंटाळा आला. थंडीत पाण्याने दात शिवशिवायचे, तरी घासले. पुढल्या महिन्यात लग्नघरचे लाडू आले. तिने दोन खाल्ले आणि उठून चूळ भरली, वऱ्हाडी हसले तरी भरली. सगळ्यात अवघड होती ती रात्र. गालात गूळ नाही, आणि आईची आठवण तर तशीच. ती उशीखाली हात घालायची, हाताला काही लागायचं नाही, आणि ती हुंदके द्यायची. राजाकडेही आता द्यायला काही नव्हतं. मग त्याला बोलावंच लागलं.

"तुझी आई मलाही आठवते," तो म्हणाला.

"काय आठवतं?"

"चिंचेवरून उतरायची. परकर फाटायचा. मग माझ्याच मागे लपायची."

"अजून?"

मग तो रोज सांगायचा. सगुणा ओढ्यात पडली ती गोष्ट. सगुणाने घोड्याला पुरणपोळी चारली ती गोष्ट. राही ऐकता ऐकता झोपायची, आणि राजा अंधारात पुढचं आठवत बसायचा. हे त्याला तीन वर्षांपूर्वी सुचलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

उन्हाळ्यात राहीचा आणखी एक दुधाचा दात हलायला लागला. खालच्या ओळीतला होता, किडीतून वाचलेला, घासलेला, पांढरा. पडला तसा तिने छपरावर टाकला. उंदराने उचलला, उन्हात धरून पाहिला, आणि आत नेला. आठ दिवसांनी राहीला समोर दोन दात फुटले, भोपळ्याच्या बियांएवढे. पावसाळ्यात दोन आले. राही त्यांना अशी जपायची जशी तिजोरीची किल्ली.

मग शीळ शिकायची होती. राजाला घालून दाखवता येत नव्हती. मग तो चाल तिच्या पाठीवर बोटाने काढायचा. दोन लांब रेघा, एक वळण, आणि मग बोट मानेपर्यंत वर. राही विहिरीवर बसून घुमवायची. श्रावणात नुसती हवा यायची. भाद्रपदात चिमणीएवढा आवाज आला. दसऱ्याला तिने शीळ घातली आणि डोंगरावरच्या गाईंनी माना वळवल्या. राजाने तोंड फिरवलं आणि उपरण्याने डोळे पुसले.

चौथं वर्ष. दिवाळी झाली. थवा दिसला. राहीने सकाळी दात घासले, तीनदा चूळ भरली, बुरुजावर चढली. राजा मागे उभा राहिला. त्याने नवा पटका बांधला होता. स्वयंपाकघरात खरवडीचं पातेलं मुद्दाम न घासता ठेवायला सांगितलं होतं.

थवा डोक्यावर आला. एकही करकोची हळू झाली नाही. एकीनेही मान वाकवली नाही. राहीने जीभ टेकवली. दोन लांब सूर, मधे वळण, आणि शेवट असा वर, वर, वर.

थव्यात एक पंख चुकला.

मग ती खाली आली. फेरी नाही, घिरटी नाही, दगड पडावा तशी सरळ. शाल गळली, सगुणा उभी राहिली. तिने राहीला पाहिलं. "राही," म्हणाली. "राही, राही, राही." तिला उचललं, तिचे गाल दाबले, तोंड उघडायला लावलं आणि ते चार मोठे पांढरे दात बघून रडता रडता हसली.

मग राजवाड्याच्या दाराशी आली आणि थांबली. आत वाकून पाहिलं. पाहुणीसारखी म्हणाली, "येऊ का आत? पाय कुठे धुवायचे?"

राही तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिच्या हातात चमचा दिला. सगुणाने खरवड चाखली, म्हणाली, "गोड आहे. कुणाची सवय गं ही?"

राजा उंबऱ्यावर उभा होता. आता त्याला गाठ आठवली. सगळ्यात आत राही. तिच्यावर घर. सगळ्यात वर आबा. आणि गाठीचा वरचा वेढा आधी सुटतो, हे पदराला गाठ मारणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. राजाने कुणाला विचारलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी, पहिल्या फुस्सला, जो सुटला तो तोच होता.

सगुणाचं लक्ष त्याच्याकडे गेलं. तिने डोक्यावरून पदर घेतला, वाकून नमस्कार केला, आणि राहीच्या कानाशी विचारलं, "हे कोण गं?"

"हे आबा," राही म्हणाली. "तुझे आबा."

सगुणाने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. पुन्हा पाहिलं. खूप आठवून पाहिलं. ती चांगली होती हो, तिने खरंच प्रयत्न केला. मग ती म्हणाली, "बसा ना, आजोबा. उभे का?"

राजा बसला. दिवसभर बसला. तिने त्याला भाकरी वाढली, दात नाहीत असं बघून दुधात कुस्करूनही दिली. सूर्य बुडायला आला तशी तिने शाल घेतली. गाठीचा तो एक वेढा राहीने दोन्ही हातांनी घट्ट आवळला.

पुढे काय? पुढे सगळं छान झालं. राही दर वर्षी शीळ घालते आणि तिची आई दर वर्षी येते. राहीला बत्तीस दात आले, एकही वाकडा नाही. गडावरच्या पोरांनी बाभळीच्या काड्या तोडून तोडून बाभळी अर्ध्या केल्या, म्हणून राहीने नव्या लावल्या. गुऱ्हाळं अजून पेटतात, गूळ अजून खातात, खाऊन चूळ भरतात. गोजाईचा अक्रोड अजून दातानेच फुटतो. सगळे सुखात आहेत.

आता तुम्ही. चूळ भरली का? मागच्या दाढा घासल्या का? नसतील तर उठा, घासून या, मग गोधडीत शिरा. आणि घरातलं कुणी मोठं माणूस म्हणालं, दुधाचेच आहेत, राहू दे, तर त्यांना हीच गोष्ट सांगा. चला, डोळे मिटा.

राजाला एकच लेक होती. तिला तो आठवत नाही.